वस्तूला हात न लावता क्युरेटर? संग्रहालयशास्त्राच्या अभ्यास मंडळाला खुलं पत्र

मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
संग्रहालयशास्त्र अभ्यास मंडळ, यांस,

सप्रेम नमस्कार.

नव्या अभ्यासक्रमाचा आराखडा मी दोनदा वाचला. पहिल्यांदा वाटलं, मधलं एखादं पान गळलं असावं. पण पानं सगळी होती. वस्तूंची नोंदणी आणि हाताळणी हा पेपर आजवर दोन सत्रं सक्तीचा होता, तो आता ऐच्छिक झाला आहे. त्याची जागा ‘आभासी प्रदर्शन प्रकल्पा’नं घेतली आहे. संग्रहालयात सहा महिने प्रत्यक्ष काम करायचं होतं, त्याची चार आठवड्यांची ‘निरीक्षण भेट’ झाली. आणि विभागाचा अध्ययन संग्रह, म्हणजे विद्यार्थ्यांनी हाताळून शिकायच्या वस्तू, ‘सुरक्षिततेच्या दृष्टीने’ खोक्यांत भरून ठेवायचा, त्या खोलीत संगणक बसवायचे, असा निर्णय शेवटच्या पानावर, जाता जाता सांगितल्यासारखा आला आहे.

विद्यापीठाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्या शिक्षकांनी मला घडवलं त्यांना यात ओढायचं नाही. शिवाय इतर विभागांतल्या ओळखीच्या लोकांशी बोलले, तेव्हा दोघांनी तरी “आमच्याकडेही वारं त्याच दिशेचं आहे” असं सांगितलं. पत्र खुलं आहे ते त्यामुळे. मंडळाला पाठवलेल्या दोन ईमेलची साधी पोचही आली नाही, हेही एक कारण आहेच. खोटं कशाला बोलू.

माझा संबंध काय, तर याच विभागातून मी एम. ए. केलं आणि गेली बारा वर्षं एका संग्रहालयात संग्रह सांभाळते आहे. पदाचं नाव क्युरेटर. रोजचं काम थोडं कारकुनाचं, थोडं हमालाचं, बरंचसं पहारेकऱ्याचं. आणि दरवर्षी तुमचेच विद्यार्थी काम शिकायला माझ्याकडे येतात.

तुम्ही जी खोली रिकामी करणार आहात, तिथली एक गोष्ट सांगते. पहिल्या सत्रातला पहिला आठवडा. मॅडमनी प्रत्येकासमोर एकेक वस्तू ठेवली, हातात पेन्सिल दिली (पेन दाराबाहेर ठेवायचं, हा तिथला पहिला नियम) आणि म्हणाल्या, “दिसतंय ते लिहा. तीन तास आहेत.” माझ्या वाट्याला भाजलेल्या मातीचा एक घोडा आला होता. वीतभरसुद्धा उंच नसेल. पोटाखाली बारीक काळ्या अक्षरात नंबर: अ/214. डावा कान तुटलेला. मी दहा मिनिटांत लिहून मोकळी झाले. पहिल्याच ओळीत ‘सुंदर’ असा शब्द होता. मॅडमनी तो खोडला आणि एवढंच विचारलं, “कान कधी तुटला?”

मला काय माहीत? मग त्यांनी भिंग दिलं. घोड्याचं सगळं अंग धुरकट झालेलं, खाचांत जुनी माती बसलेली, आणि कानाची तुटलेली कड मात्र आतून लख्ख तांबडी. जुनी मोड अशी नसते. तिच्यावरही अंगावरचाच मळ चढलेला असतो. म्हणजे कान अलीकडे तुटला. मग रजिस्टर काढलं. घोडा दाखल झाला त्या दिवशीची नोंद, बाकदार अक्षरात: ‘मृत्तिका अश्व, दोन्ही कान शाबूत, शेपूट खंडित.’ शेपटीचा उल्लेख होता, कानाचाही होता. म्हणजे कान मोडला तो आपल्याच कपाटात, आपल्यापैकीच कुणाच्या तरी हातून, आणि ज्याच्या हातून मोडला त्यानं ते लिहिलं नाही. दोन महिन्यांनी दुसरंच खोकं आवरताना कागदाची एक पुडी सापडली. आत नखाएवढा तांबडा तुकडा. पुडीवर नंबर नाही, तारीख नाही. आम्ही तो घोड्याच्या डोक्याला नुसता टेकवून पाहिला, तर बसला.

संग्रहालयशास्त्र म्हणून मला जे काही येतं त्यातलं निम्मं त्या घोड्यानं शिकवलं. पाहणं म्हणजे काय, नोंद कशासाठी करतात, आणि चूक झाली तर ती लिहायची असते, लपवायची नसते. आता आराखड्यातल्या ज्या गोष्टी खटकल्या, त्या सांगते.

पहिली आणि सगळ्यांत मोठी: नोंदणी ऐच्छिक करणं. नोंदणी म्हणजे कारकुनी, ती नोकरीत लागल्यावर येतेच, असा समज यामागे दिसतो. येत नाही. आणि ती नसली की काय होतं ते ऑगस्ट 2023 मध्ये जगानं पाहिलं. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमनं जाहीर केलं की भांडारातल्या वस्तू हरवल्या आहेत, चोरीला गेल्या आहेत, काहींची मोडतोड झाली आहे. आकडा सुमारे 2,000. सोन्याचे दागिने, कोरीव खडे, काचेच्या वस्तू. कुठल्याही खिशात मावतील अशा. एका विक्रेत्यानं 2021 मध्येच धोक्याची सूचना दिली होती, ती मनावर घेतली गेली नव्हती. प्रकरण संचालकांच्या राजीनाम्यापर्यंत गेलं. पण मला त्यात खरं महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच: यातल्या अनेक वस्तूंची धड नोंदच नव्हती. जिची नोंद नाही ती वस्तू चोरीला गेली हे सिद्ध तरी कसं करणार? ती होती, हेच आधी सिद्ध करावं लागतं. पुढे ऑक्टोबरमध्ये त्या संग्रहालयानं पाच वर्षांत सगळा संग्रह नोंदवून ऑनलाइन आणायची योजना जाहीर केली. त्यासाठी 24 लाख नोंदी नव्यानं चढवायच्या किंवा सुधारायच्या होत्या. एवढं नाव असलेल्या संस्थेला जे काम मागे वळून करावं लागतं आहे, ते आपण विद्यार्थ्यांना ‘हवं तर घ्या’ म्हणून देतो आहोत.

कॅनडाच्या संवर्धन संस्थेनं वस्तूंची हानी करणाऱ्या दहा कारणांची यादी केली आहे, ती तुम्हाला मी सांगायला नको; तुमच्यापैकीच एकांनी आम्हाला शिकवली होती. आग, पाणी, चोरी, कीड, प्रकाश, धूळ-धूर, चुकीचं तापमान, चुकीची आर्द्रता, धक्के-आदळआपट. नऊ झाली. दहावं कारण परीक्षेत निम्मे विद्यार्थी विसरायचे: वस्तू आणि तिची माहिती यांची ताटातूट. लेबल गळून पडलं, नंबर पुसला गेला, पुडीवर काही लिहिलंच नाही. वस्तू धडधाकट असते आणि तरी गेलेली असते. नवा पेपर रचताना ते दहावं कारण मंडळही विसरलं, असं मला वाटतं.

दुसरी गोष्ट आभासी प्रदर्शनाची. आधीच सांगते, माझा त्याला विरोध नाही. 2020 मध्ये दारं बंद झाली तेव्हा आम्हीही तेच केलं, आणि एरवी कधीच आले नसते असे लोक त्यामुळे आमच्यापर्यंत आले. पण शिकण्याचा पाया म्हणून ते घातक आहे, कारण पडद्यावरच्या वस्तूला वजन नसतं. तिला खालची बाजू नसते, जिथे बहुतेक वेळा नंबर असतो. तिला कसर लागत नाही. पडद्यावरचं जलरंगातलं चित्र कितीही वेळ उजेडात ठेवा, फिकट होत नाही. खऱ्या चित्राला 50 लक्सवर (लक्स हे उजेड मोजायचं एकक) ठेवतानाही महिने मोजावे लागतात, कारण उजेडाचा परिणाम साठत जातो: 500 लक्समध्ये एक तास आणि 50 लक्समध्ये दहा तास, चित्राचं नुकसान साधारण तेवढंच. हे गणित फळ्यावर दोन मिनिटांत कळतं. पण “उद्घाटनाला पाहुण्यांना नीट दिसायला हवं, दिवे वाढवा” असं वरिष्ठ सांगतात, तेव्हा नाही म्हणायची ताकद फळ्यावरून येत नाही.

मागच्या वर्षी दुसऱ्या एका विद्यापीठातून एक मुलगा आला होता. हुशार. वसाहतकाळ, प्रतिनिधित्व, कथन, सगळ्यावर इतकं छान बोलायचा की मीच वही काढून दोन गोष्टी टिपून घेतल्या. पहिल्याच दिवशी त्यानं कपाटातून एक सुरई काढली, कानाला धरून. जुन्या भांड्याचा कान म्हणजे त्याची सगळ्यांत कच्ची जागा, बहुधा आधी एकदा मोडून चिकटवलेली. एक हात तळाशी, दुसरा अंगाला, आणि उचलण्याआधी ती कुठे ठेवायची ती जागा मोकळी करून घ्यायची, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. सुरई वाचली. तो मात्र इतका घाबरला की आठवडाभर कशालाच हात लावेना. मी त्याला बोल लावला नाही. त्याच्या दोन वर्षांत त्याच्या हातात एकही वस्तू पडली नव्हती. पडद्यावरची सुरई कानाला धरून फिरवली तर चालतंच की.

तिसरी गोष्ट जरा नाजूक आहे. आराखड्याच्या प्रस्तावनेत ‘वस्तुकेंद्री जुन्या दृष्टीकडून समाजकेंद्री चिकित्सक दृष्टीकडे’ असं वाक्य आहे. म्हणजे भांडारात बसणारे आम्ही जुने, आणि प्रश्न विचारणारे ते नवे. हे द्वंद्व मला मुळातच खोटं वाटतं. 1992 मध्ये बाल्टिमोर इथल्या मेरीलँड हिस्टॉरिकल सोसायटीत फ्रेड विल्सन या कलाकारानं जे प्रदर्शन केलं, ते आज चिकित्सक संग्रहालयशास्त्राच्या प्रत्येक वर्गात शिकवतात. तुमच्याही वाचनयादीत असणारच. एका शोकेसमध्ये चांदीची नक्षीदार भांडी, आणि त्यांच्या मधोमध गुलामांना घालायच्या लोखंडी बेड्या. लेबल एकच: ‘धातुकाम, 1793–1880’. त्या बेड्या विल्सननं बाहेरून आणल्या नव्हत्या. त्याच संस्थेच्या भांडारात त्या पडून होत्या. तो आत शिरला, कपाटं उघडली, आणि जे दाखवलं जात नव्हतं ते बाहेर काढलं. आता सांगा, भांडारात पाऊल न ठेवलेला विद्यार्थी असं काही कधी करू शकेल का?

वस्तू परत करण्याच्या वादाचंही तसंच. नाझींनी लुटलेल्या कलाकृतींबद्दल 1998 मध्ये वॉशिंग्टनला 44 देशांनी तत्त्वं मान्य केली. अमेरिकेत 1990 च्या कायद्यानं संग्रहालयांना आपल्याकडच्या मूलनिवासींच्या अस्थी आणि पवित्र वस्तूंच्या याद्या करून संबंधित जमातींना कळवणं भाग पाडलं. हा सगळा न्याय शेवटी कशावर उभा राहतो? जुन्या दाखल-रजिस्टरवर, चित्रफ्रेमच्या मागच्या फाटक्या लेबलवर, खोडून पुन्हा घातलेल्या नंबरवर. हे वाचता येणं हे कौशल्य आहे, आणि ते नुसत्या चर्चासत्रात येत नाही.

चार आठवड्यांच्या ‘निरीक्षण भेटी’बद्दल फार लिहीत नाही. चार आठवड्यांत माणसाला स्टोअरच्या किल्ल्या कुठे टांगतात एवढं कळतं. आर्द्रता ऋतूप्रमाणे कशी वरखाली होते, कीड कोणत्या महिन्यात कोणत्या कोपऱ्यातून येते, बाहेर उसनी गेलेली वस्तू परत येते तेव्हा तिचा जातानाचा अहवाल समोर ठेवून ओरखडा न् ओरखडा कसा ताडून पाहायचा, यासाठी महिने जावे लागतात. निरीक्षण म्हणजे काय, तर माझ्या मागे उभं राहणं. मागे उभं राहून मी पोहायलाही शिकले नसते.

पण सहा महिने हवेत असं म्हणताना दुसरी बाजू गिळून टाकणं बरोबर नाही. ते सहा महिने आजवर बिनपगारी होते. ज्यांच्या घरून खर्च निघतो त्यांनाच ते परवडतं. बाकीचे मधेच सोडून दुसऱ्या नोकरीला लागतात. माझ्या वर्गातल्या दोघींनी असंच सोडलं, आणि त्यातल्या एकीचं निरीक्षण माझ्यापेक्षा कितीतरी बारीक होतं. यात आम्हा संग्रहालयवाल्यांचाही दोष आहे: फुकटचे हात मिळतात म्हणून आम्ही गप्प बसलो. अमेरिकेतल्या कलासंग्रहालय संचालकांच्या संघटनेनं जून 2019 मध्ये ठराव करून संग्रहालयांना सांगितलं की काम शिकायला येणाऱ्यांना मानधन द्या. संचालकांनाच हे म्हणावं लागलं, म्हणजे दुखणं किती जुनं असेल. मुदत कमी करून हा प्रश्न सुटत नाही. काम खरं ठेवा आणि त्याचे पैसे द्या.

अध्ययन संग्रहाचं. सुरक्षिततेसाठी तो खोक्यांत भरायचा, हे कारण वाचून हसावं की रडावं कळेना. तो संग्रह हाताळण्यासाठीच आहे. वस्तू चुकल्यामाकल्या, काही जोडी नसलेल्या, काही नकला. म्हणूनच तर विद्यार्थ्यांना देता येतात. ही विद्या नेहमी संग्रहाला खेटूनच वाढली. हार्वर्डला पॉल सॅक्स यांनी गेल्या शतकाच्या विशीत संग्रहालयाचा जो वर्ग सुरू केला, तो तिथल्याच फॉग संग्रहालयाच्या आधारानं. रिओ दी जानेरोत 1932 मध्ये सुरू झालेला अभ्यासक्रम तर राष्ट्रीय ऐतिहासिक संग्रहालयातच भरायचा. बडोद्याचा विभाग 1952 चा, इंग्लंडमधल्या लेस्टरचा 1966 चा. म्हणजे या विषयाला विद्यापीठात बसायला जागा मिळून शंभरेक वर्षंच झाली आहेत, आणि आपण त्याच्या हातातली वस्तू काढून घेतो आहोत.

रिओचा उल्लेख आलाच आहे. 2 सप्टेंबर 2018 च्या रात्री तिथलं राष्ट्रीय संग्रहालय जळालं. दोनशे वर्षांची संस्था, सुमारे दोन कोटी वस्तू, त्यातला बहुतेक भाग गेला. दुसऱ्या दिवसापासून तिथल्या संग्रहालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी लोकांना आवाहन केलं: तुम्ही कधी त्या संग्रहालयात गेला असाल, फोटो काढले असतील, तर आम्हाला पाठवा. हजारो फोटो आले; कुणाच्या सहलीचे, कुणाच्या लेकराच्या मागे दिसणाऱ्या शोकेसचे. राख अजून गरम असताना या मुलांना पहिलं काय सुचलं, तर यादी. हे त्यांना कुणीतरी शिकवलेलं होतं. डिजिटल म्हणतात ते मला असं हवं आहे, नोंदीच्या पोटातून आलेलं.

आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेनं 24 ऑगस्ट 2022 ला प्रागमध्ये संग्रहालयाची नवी व्याख्या स्वीकारली. सर्वसमावेशकता, शाश्वतता, लोकसहभाग, सगळे नवे शब्द तिच्यात आले, आणि यायलाच हवे होते. तरी संग्रहालय काय करतं ते सांगताना क्रम असा आहे: संशोधन, संग्रह, जतन, अर्थ उलगडणं, प्रदर्शन. प्रदर्शन पाचवं. आराखड्यात ते पहिलं आहे, आणि संग्रह, जतन ही दोन जवळपास नाहीतच.

तर मागण्या.

नोंदणी आणि हाताळणीचा पेपर पूर्वीसारखा सक्तीचा ठेवा, दोन्ही सत्रांत, आणि त्याची परीक्षा वस्तू समोर ठेवून घ्या. आभासी प्रदर्शन जरूर ठेवा. अट एवढीच की विद्यार्थ्यानं स्वतः पाहून, मोजून, नोंदवून, फोटो काढून तयार केलेल्या किमान दहा वस्तूंवर ते उभं असावं. प्रत्यक्ष कामाचा कालावधी सहा महिन्यांचाच राहू द्या, मानधनासाठी विद्यापीठ आणि संग्रहालयं यांच्यात लेखी करार करा, आणि मानधन न देणाऱ्या संस्थेत, आमच्यासुद्धा, विद्यार्थी पाठवू नका. लहान संग्रहालयांची भांडारं तुटपुंज्या साधनांत लावून घ्यायची ‘री-ऑर्ग’ नावाची पद्धत इक्रोम या वारसा-जतनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं तयार ठेवली आहे. एक सत्र एका लहान संग्रहालयाचं भांडार वर्गानं मिळून लावावं. त्यातून विद्यार्थी शिकतील आणि त्या संग्रहालयाचंही भलं होईल. मंडळावर संग्रहालयात रोज काम करणारी निदान दोन माणसं घ्या. आजच्या यादीत मला एकही दिसलं नाही.

अध्ययन संग्रहाची खोली परत विद्यार्थ्यांना द्या. शिकवायला माणूस कमी पडत असेल तर शनिवारी मी येते, काही न घेता. (मानधनावर एवढं बोलून हे लिहिते आहे, याची मलाही गंमत वाटते. पण माझा पगार चालू आहे, त्यांचा नाही.)

हा आराखडा विद्यापरिषदेसमोर जाण्याआधी माजी विद्यार्थी, सध्याचे विद्यार्थी आणि संग्रहालयांतले लोक यांची एक बैठक बोलवा. तारीख तुम्ही ठरवा.

आणि यातलं काहीच मान्य झालं नाही, खोकी भरायचीच ठरली, तर निदान भरताना यादी करा. कोणती वस्तू, कोणत्या अवस्थेत, कितव्या खोक्यात, कुणी ठेवली, कोणत्या तारखेला. अ/214 च्या खोक्यात ती कागदाची पुडीही ठेवा. आता तिच्यावर नंबर आहे. मीच घातला होता.

आपली,
विभागाची एक माजी विद्यार्थिनी